काळ्या खिडकीत उमटलेली मराठी ओळ

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसायलाच वाचतेय. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा माणूस भेटतो... मी चहा पिता पिता वाचते आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. तो माझा धंदाच आहे. मी घरी बसून मराठी डीटीपीची कामं करते – लग्नपत्रिका, वास्तुशांत, साखरपुडा, दशक्रियेची कार्डं. ‘श्री गणेशाय नमः’ माझ्याइतक्या वेळा टाइप केलेली मुसलमान बाई अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरी नसेल. पण मुहूर्त छापते म्हणून मुहूर्त मानते असं नाही, आणि आमच्याकडचे ताईत, फुंकर, नजर हेही मी कधी मानलं नाही. अब्बा स्वतःच मानत नसत, तर मी कुठून मानणार.

तरी हे लिहितेय. कारण झालंय ते पोटात मावत नाही, आणि घरातले आता ऐकून ऐकून कंटाळलेत. तुम्ही बिचारे सापडलात.

आधी घर नीट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही दापोडीला राहतो, गावठाणाच्या कडेला, रेल्वेच्या बाजूला. एकामागे एक अशा तीन खोल्या. पुढच्या खोलीत माझा कम्प्युटर, प्रिंटर आणि पत्रिकांचे गठ्ठे. मधल्या खोलीत अब्बांची कॉट. शेवटी स्वयंपाकघर, आणि त्याचं दार मागच्या बोळात उघडतं. बोळ इतका अरुंद की समोरून गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला तर आपण भिंतीला चिकटायचं. बोळाच्या टोकाला रेल्वेची भिंत, आणि भिंतीला एक भगदाड. ते बुजवतात, लोक परत पाडतात. पलीकडे रूळ.

अब्बांनी आयुष्यभर चिंचवडच्या एका कंपनीत फिटर म्हणून नोकरी केली. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. आता त्यांना विसरायला होतं. डॉक्टरांनी त्या आजाराचं मोठं नाव सांगितलंय, आम्ही घरात नुसतं ‘अब्बांचं’ म्हणतो. सकाळी बरे असतात. पेपर वाचतात, माझ्या पत्रिकांना नावं ठेवतात. दुपारी झोप झाली की मात्र कधी कधी ते आमच्यातून उठून सरळ जुन्या काळात जाऊन बसतात. मागे एकदा नजर चुकवून बाहेर पडले होते, ते कासारवाडीच्या रिक्षा स्टँडवर सापडले. रिक्षावाल्याला कंपनीचं गेट कुठे ते समजावून सांगत होते. त्यानंतर आम्ही मागच्या दाराला वरच्या बाजूला एक जास्तीची कडी बसवली. पुढच्या दाराशी दिवसभर मीच बसलेली असते, तिथून मांजरही माझ्या परवानगीशिवाय जात नाही.

आता कम्प्युटरचं.

एका गिऱ्हाइकानं मुलीच्या लग्नाचा मजकूर पेनड्राइव्हवर आणून दिला. मी घाईत तसाच लावला. संध्याकाळपर्यंत मशीन रडायला लागलं. फाइल उघडायला चहा होईल इतका वेळ. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनभर लाल पाटी – तुमचा कम्प्युटर धोक्यात आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा. सोबत ट्यां ट्यां आवाज. माझं काळीजच हललं, कारण तीन पत्रिका त्याच दिवशी प्रेसला जायच्या होत्या.

मी फोन केला, पण त्या नंबरवर नाही. माझा धाकटा भाऊ इम्रान चाकणला एका कंपनीत आयटी सांभाळतो, त्याला केला. तो मला आपा म्हणतो आणि बाकी सगळ्या बाबतीत माझाच आजोबा असल्यासारखा बोलतो.

“आपा, तो नंबर फिरवलास का?”

“नाही.”

“शाबास. ती पाटी म्हणजे फसवणूक असते. खरा कम्प्युटर कधी फोन करा म्हणत नाही. नेट बंद कर, ब्राउझर बंद कर, अँटिव्हायरसचं फुल स्कॅन लाव. आणि तुझे पासवर्ड मोबाइलवरून बदलून टाक. सगळीकडे एकच आहे ना?”

सगळीकडे एकच होता, आणि तोही माझं नाव आणि जन्मसाल.

“कामाच्या फाइल्सची कॉपी वेगळी आहे का कुठे?”

ती होती. नशीब, निदान त्यावर तरी त्याला काही बोलता आलं नाही. मग त्यानं मला चांगलं तासलं. तू रोज अॅडमिनच्या खात्यातूनच काम करतेस, अपडेट आलं की ‘नंतर’ दाबतेस, गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह न तपासता लावतेस. “एखादा प्रोग्रॅम आत येतो, आपलं काम करून निघून गेल्यासारखा दाखवतो, पण जाताना मागचं दार उघडं ठेवून जातो. मग पाहिजे तेव्हा आत. त्यालाच बॅकडोअर म्हणतात.” हे त्याचे शब्द. लक्षात ठेवा, कारण पुढे आमचा सगळा घोळ त्याच्यावरूनच झाला.

अँटिव्हायरसला एक-दोन गोष्टी सापडल्या, त्यानं त्या उडवल्या. मशीन सुधारलं. तरी इम्रानचं समाधान नव्हतं. म्हणाला, आता सिस्टिमच्या फाइल्स शाबूत आहेत का ते तपास. कम्प्युटर स्वतःच स्वतःच्या फाइल्स मूळ प्रतीशी ताडून बघतो, बिघडलेली असेल तिथे चांगली ठेवतो. म्हणजे आमच्या भाषेत प्रूफरीडिंग. हे मात्र मला लगेच पटलं.

तर दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यानं सांगितलं तसं केलं. अॅडमिन म्हणून ती काळी खिडकी उघडायची, त्यात एसएफसी, मग स्पेस, स्लॅश, स्कॅननाऊ टाइप करायचं आणि एंटर. टक्के हळूहळू वर चढायला लागले. मिस्टर चाकणला, फर्स्ट शिफ्टला. अब्बा जेवून झोपले होते. शेजारचा मिक्सर चालू, माझा टेबलफॅन घरघरत होता. बसून काय करायचं म्हणून मी कीबोर्डची वायर काढली, कीबोर्ड मांडीवर उपडा घेतला आणि रंगाच्या ब्रशनं साफ करायला लागले. काय काय निघालं त्यातून... शंकरपाळ्याचा चुरा, पिना, एक अख्खा तीळ.

वर बघितलं तर टक्के थांबलेले. आणि त्याखाली एक ओळ.

इथे जरा माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. हल्ली मोबाइलवर आपण टाइप करतो ती मराठी वेगळी. पण छपाईवाले अजून जुने फॉन्ट वापरतात. त्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या कम्प्युटरवर उघडला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा, डॉलरांचा आणि कंसांचा कचरा दिसतो. तुम्हालाही कुणीतरी कधी अशी फाइल पाठवली असेल आणि तुम्ही कपाळाला हात लावला असेल. तर तो कचरा मला वाचता येतो. फॉन्ट न लावता. इतकी वर्षं तेच केलं, डोळ्यांना सवय झालीय. कुणाला तार वाचता यायची म्हणतात ना, तसं काहीसं.

ती ओळ असाच कचरा होती. एक कॅपिटल अक्षर, मग डॉलर, मग उलटी स्लॅश, मधे दोन कंस... आणि मी ती वाचून मोकळी झाले. डोक्याला विचारलंही नाही.

मागचं दार उघडं आहे.

आधी हसू आलं. मग मी ती परत वाचली. मग काय केलं असेल? फोटो काढला. आजकाल घराला आग लागली तरी आपण आधी फोटोच काढू. तो इम्रानला पाठवला आणि फोन लावला.

“आपा, हे तर गार्बेज आहे,” तो म्हणाला. “आउटपुट गंडलंय. होतं असं.”

“गार्बेज नाही. मराठी आहे. माझ्या जुन्या फॉन्टमधलं.”

“काय लिहिलंय?”

“मागचं दार उघडं आहे.”

पलीकडे त्याच्या कंपनीतला भोंगा वाजला तो ऐकू आला. मग त्याचा आवाज एकदम ताठ झाला. “परत सांग.”

मी परत सांगितलं.

“बॅकडोअर,” तो म्हणाला. “आपा, कुणीतरी आत आहे. आणि तुला चिडवतोय. वायर काढ आधी नेटची.”

काय सांगू तुम्हाला, आम्ही दोघं अक्षरशः पेटलो. मी टेबलाखाली घुसले, डोकं आपटलं, राउटरची वायर उपटली. तो विचारतोय राउटरचे दिवे गेले का, मी म्हणतेय गेले. तो म्हणतोय कुठलीही की दाबू नकोस, मी म्हणतेय कीबोर्डच लावलेला नाही. तो म्हणाला, मग स्क्रीनवर काही हलतंय का? नाही. ती ओळ तशीच. मला खरं तर भीतीपेक्षा राग जास्त आला होता. माझ्या मशीनमध्ये शिरून, माझ्याच फॉन्टमध्ये मला खिजवतोय म्हणजे काय. मी इम्रानला म्हटलं, हा कोण आहे मला शोधून दे, मी त्याची दशक्रियेची पत्रिका फुकट छापते.

“ते नंतर,” इम्रान ओरडला. “तुला सोप्या मराठीत सांगतो, आधी मागचं दार बंद कर.”

आणि तेव्हा... आता हे कसं लिहू. तोपर्यंत ते शब्द मी वाचले होते, दोनदा मोठ्यानं म्हटले होते, त्यावर भांडले होते. पण दुसऱ्याच्या तोंडून कानावर पडले तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा साधा अर्थ कळला. मागचं दार. आमचं. स्वयंपाकघराचं.

मी मान वळवली. मधल्या खोलीचा पडदा माझ्या दिशेनं फुगला होता. मागून वारा येत होता.

कॉट रिकामी. अब्बांचं पांघरूण नीट घडी करून उशाशी ठेवलेलं. कॉटजवळचं स्टूल स्वयंपाकघरात, दाराच्या चौकटीला टेकलेलं. वरची कडी काढलेली आणि दार सताड उघडं.

मी अनवाणी धावले. फोन हातातच, त्यातून इम्रान “आपा, आपा, काय झालं” करतोय. मी एवढंच म्हटलं, “अब्बा नाहीत,” आणि पळत राहिले. मधेच दत्तूनानांचा गोठा लागतो. ते मूळचे इथलेच, जमिनी गेल्या, इमारती झाल्या, पण दोन म्हशी त्यांनी सोडल्या नाहीत. नाना पाटीत म्हशींचं आंबोण कालवत बसले होते.

“नाना, अब्बा दिसले का?”

“व्हय की. आत्ताच गेलं हितनं. म्या म्हनलं कुटं निगाला चाचा, तर म्हनलं सेकंड शिफ्ट हाय, उशीर झालाय. डबा बी हुता हातात. मला वाटलं तू हायेस मागनं...” तोवर त्यांना माझा चेहरा दिसला आणि त्यांच्या हातातून पाटी सुटली. “पोरी, पळ. भितीकडं गेल्यात.”

कंपनीत असताना अब्बा ब्रिजवरून कधी गेलेच नाहीत. सगळे कामगार भिंतीच्या भगदाडातून रूळ ओलांडून स्टेशन गाठायचे. तेव्हा गाड्या कमी होत्या आणि अब्बांचे पाय धडधाकट होते. आता दोन्ही उलटं झालंय.

मी भगदाडाशी पोचले तेव्हा अब्बा पलीकडे होते. खडीवर उभे. पांढरा सदरा, पायजमा, हातात तो जुना स्टीलचा डबा. पुण्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू येत होता. गाडी अजून दिसत नव्हती, पण रूळ वाजायला लागले होते. अब्बांनी उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पण त्यांना लांबचं ऐकूही कमी येतं आणि दिसतंही कमी, आणि त्यांनी एक पाय पुढे टाकला.

मी “अब्बा” म्हणून हाक मारली. जीव खाऊन मारली. त्यांनी वळून बघितलंच नाही. का बघतील? त्या वेळी ते तिशीतले फिटर होते, त्यांना कुठली आलीय माझ्याएवढी मुलगी. परत हाक मारली. नाही. भगदाड माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, विटा सुटलेल्या, मी चढतेय आणि घसरतेय. मला कळून चुकलं की माझा हात काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

तोंडातून कुठून आलं माहीत नाही. मी ओरडले, “अब्बा, आज जुमेरात आहे. कंपनीला सुट्टी.”

जुमेरात म्हणजे गुरुवार. बाहेरच्यांना सांगते – आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांची आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. विजेच्या भारामुळे कधीतरी पाडलेला तो रिवाज. आमचं लहानपण सगळं गुरुवारवर गेलं. गुरुवारी मटण, गुरुवारी अब्बांची दाढी, गुरुवारी सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं. त्या दिवशी गुरुवार नव्हता. पण कंपनीच्या माणसाला सुट्टी म्हटलं की पाय थांबतो, तो थांबला.

अब्बा वळले. टाकलेला पाय त्यांनी मागे घेतला आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघितलं.

“जुमेरात? खरंच?”

“हो. आधी इकडे या.”

“मग आधी नाही का सांगायचं,” ते वैतागून म्हणाले. “उगाच डबा भरायला लावला.”

ते भिंतीकडे दोन-चार पावलं आले, तेवढ्यात मी पलीकडे पडलेच होते, त्यांचा दंड धरला आणि भिंतीला पाठ लावून बसले. गाडी गेली. लांब पल्ल्याची होती, इथे न थांबणारी. खडी उडाली, माझ्या तोंडात धूळ, अब्बांनी माझ्या डोळ्यांवर त्यांचा हात धरला. मला ओळखून की न ओळखता, ते मला सांगता येणार नाही. मागून दत्तूनाना आणि शेजारची दोन माणसं आली, त्यांनी आम्हाला दोघांना उचलूनच अलीकडे घेतलं. डबा उघडला तर आत काहीच नव्हतं. मी तिथंच बसून मोठमोठ्यानं रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

फोन खडीवर पडला होता. काच फुटली होती, पण चालू होता. इम्राननं सगळं ऐकलं होतं. म्हणाला, “मी निघालो,” आणि मोशीचा ट्रॅफिक कापत कसा आला त्याचं त्याला ठाऊक. आल्यावर अब्बांच्या पायाशी बसला, त्यांचे तळपाय चोळत. अब्बा त्याला म्हणाले, आज सुट्टी असून तू इतका दमलेला कसा? आम्ही हसलो आणि परत रडलो.

संध्याकाळी, अब्बांना चहा दिल्यावर आम्ही दोघं कम्प्युटरकडे गेलो. काळी खिडकी तशीच उघडी होती. टक्के पूर्ण झालेले. खाली नेहमीचा इंग्रजी निकाल – तपासणी झाली, कुठलीही फाइल बिघडलेली नाही. आमची ती ओळ नव्हती. खिडकी वर सरकवून बघितली, नव्हतीच. इम्राननं तपासणीचा सगळा तपशील जिथे साठतो तिथेही शोधलं. काही नाही.

पण फोटो होता. माझ्या फुटक्या फोनमध्ये होता आणि त्याच्याही फोनमध्ये गेलेला होता. फोटोत टक्के थांबलेले दिसतात, आणि त्याखाली ती कचऱ्याची ओळ दिसते. त्यानं ती अक्षर अक्षर बघून टाइप केली, मी तिला फॉन्ट लावला. मागचं दार उघडं आहे. त्याच्या डोळ्यादेखत.

मग इम्रान तर्क काढायला बसला. हा त्याचा स्वभाव आहे आणि मला तो आवडतो. पहिला तर्क – एखाद्या जुन्या पत्रिकेतला तुकडा चुकून तिथे उमटला असेल. मी माझ्या सगळ्या फाइल्स धुंडाळल्या. ‘मागचं’ हा शब्दच कुठे नाही. पत्रिकेत आम्ही ‘मागील’ लिहितो, ‘उघडं’ तर कुणाच्या लग्नात लिहिणार? दुसरा तर्क – खरंच कुणी बाहेरून आत शिरला होता. ठीक. पण मग त्याला आमच्या स्वयंपाकघराचं दार कसं दिसलं? आमच्याकडे कॅमेरा नाही, कम्प्युटरलाही नाही. तिसरा तर्क त्यानं जरा चाचरत सांगितला – आपा, तुझ्या कानांनी कडीचा आवाज टिपला असेल, तुला कळलं नसेल, आणि तुझ्याच हातांनी ते टाइप केलं असेल.

हा तर्क मला पटण्यासारखा होता, आणि त्यानंच मला सगळ्यात जास्त हादरवलं. का ते सांगते. माझ्या पहिल्या कीबोर्डवर ‘घ’ची कळ मेलेली होती. नवा घ्यायला जमत नव्हतं म्हणून मी अर्धा ‘घ’ टाइप करून त्याला काना जोडायची. दिसायला सारखंच दिसतं. पुढे कीबोर्ड बदलले, सवय गेली नाही. दुसरं कुणी तसं करत नाही, करायची गरजच नाही. आणि फोटोतल्या ओळीत ‘उघडं’ मधला ‘घ’ तसाच आहे... अर्धा, आणि शेजारी काना. म्हणजे हस्ताक्षरावरून माणूस ओळखावा तशी ती ओळ माझी होती. पण कीबोर्ड तेव्हा माझ्या मांडीवर उपडा होता आणि त्याची वायर टेबलावर पडली होती. फोटोच्या कोपऱ्यात ती वायर दिसते. इम्राननं फोटो मोठा करून बघितला, मग फोन उलटा ठेवला.

शेवटी म्हणाला, “नियम म्हणजे नियम. संशय आला की फॉरमॅट. सगळं पुसून नव्यानं टाकू.”

मी म्हटलं, “हात लावशील तर बघ.”

“आपा, आत काय आहे आपल्याला माहीत नाही.”

“जे काही आहे ते आपल्या बाजूचं आहे.”

त्यावर आमचं चांगलंच वाजलं. शेवटी तडजोड झाली. बँकेचं, पैशाचं काहीही त्या मशीनवर करायचं नाही. रोजच्या कामाला साधं खातं, अॅडमिनचं वेगळं. अपडेट आलं की मुकाट्यानं घ्यायचं. पेनड्राइव्ह आधी तपासायचा, मग उघडायचा. आणि मागच्या दाराला कडीऐवजी कुलूप, त्याची चावी माझ्या गळ्यात. हे सगळं मी करते. तुम्हीही करा, त्याला भुताखेताची गरज नाही.

त्यानंतर मी ती तपासणी किती वेळा लावली असेल. दुपारी अब्बा झोपले की लावते. दरवेळी तोच निकाल येतो, सगळं ठीक आहे. मी तरीही शेवटच्या टक्क्यापर्यंत बघत बसते, आणि तेवढा वेळ मधल्या खोलीचा पडदा बाजूला सारून ठेवते, कॉट दिसेल असा. मिस्टर म्हणतात, ही कम्प्युटरची काळजी आहे की आणखी कशाची. मी टक्के बघत राहते.

परवा इम्रान आला होता. जेवताना त्यानं परत विषय काढला. म्हणाला, त्यानं त्याच्या कंपनीतल्या मोठ्या मोठ्या लोकांना तो फोटो दाखवला, कुणाला काही सांगता आलं नाही. एकानं तर फोटोच खोटा आहे म्हणून सांगितलं. अब्बा शेजारी बसून भाकरी कुस्करत होते. त्या दिवसाचं त्यांना काहीही आठवत नाही, आम्हीही सांगितलेलं नाही.

“इतके महिने शोधतोय आपण,” इम्रान म्हणाला. “काही म्हणजे काही सापडलं नाही, आपा.”

मी अब्बांच्या ताटात कालवण वाढलं. “अब्बा सापडले ना,” मी म्हटलं. “बाकीचं नाही सापडलं तर नाही सापडलं.”